घरपट्टीचा कागद

(साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



आज फळ्यावर धडा नाही. आज आम्ही एक कागद घेऊन आलो आहोत. असा कागद तुमच्यापैकी प्रत्येकाच्या घरी आहे. कुणाच्या पत्र्याच्या पेटीत असेल, कुणाच्या देवाच्या तसबिरीमागे असेल. कुणी त्यात तंबाखूही बांधली असेल. हा घरपट्टीचा कागद आहे.

घरपट्टी सर्वांना माहीत आहे. घरपट्टी, दिवाबत्ती, आरोग्य, पाणीपट्टी अशी रक्कम ग्रामपंचायत दरसाल मागते. त्या पैशातून रस्त्यावरचे दिवे लागतात, गटार उपसले जाते, नळाला पाणी येते. पण घरपट्टी वर्षानुवर्षे थकली तर राहते घर लिलावात जाऊ शकते, हे पुष्कळांना माहीत नाही. "घर आमच्या बापजाद्यांचं. ते दुसरा कोण विकणार?" असे लोक म्हणतात.

आम्हीही असेच समजत होतो. आम्ही छत्तीस वर्षे मुलांना वाचायला शिकवले, आणि एक कागद आम्ही स्वतःच नीट वाचला नाही. ती गोष्ट सांगतो.

आमच्या गावी खालच्या आळीत पाच खणांचे एक घर आहे. एका कष्टाळू म्हाताऱ्याने ते बांधले. म्हातारा वारला. मुलगे तीन. थोरला मुंबईला, धाकटा पुण्याला. मधला गावी शेती करी. तोही एका पावसाळ्यात तापाने गेला. त्याची बायको आणि दोन लहान मुले त्या घरात राहिली.

ग्रामपंचायतीत घरांची नोंद नमुना नंबर आठमध्ये असते. तिथे नाव म्हाताऱ्याचेच राहिले. थोरल्याला वाटे, गावचे भरतात. धाकट्याला वाटे, थोरला भरतो. बाईला वाटे, भावजी पाठवत असतील. अशी नऊ वर्षे गेली. कुणीच एक पैसा भरला नाही.

एके दिवशी शिपाई बाईच्या हातात कागद देऊन गेला. तिला वाचता येत नव्हते. ती आमच्या ओसरीवर आली.

"गुरुजी, ह्यात काय लिवलंय?"

आम्ही वरवर पाहिले. नाव पाहिले, रक्कम पाहिली. म्हणालो, "घरपट्टीचं आहे. नाव तुझ्या सासऱ्याचं आहे. थोरल्या भावजींना कळव म्हणजे झालं."

ती म्हणाली, "मामंजी तर कधीच वारले. मेलेल्या माणसाला कसला आलाय कागद?"

आम्हाला हसू आले. तीही हसली आणि कागदाची घडी करून गेली.

कागदाच्या खालच्या ओळीत मुदत लिहिली होती. ती आम्ही वाचून दाखवली नाही.

आता पुढे काय झाले ते पायरीपायरीने सांगतो. घर काही एका रात्रीत जात नाही. कायद्याने त्याला पायऱ्या घालून दिल्या आहेत, आणि प्रत्येक पायरीवर माणसाला परत फिरायला वाट ठेवली आहे.

पहिली पायरी म्हणजे बिल. किती रक्कम द्यायची आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे त्यात लिहिलेले असते. त्या तारखेच्या आत पैसे भरले की काम संपले.

बिल भरले नाही तर दुसरी पायरी येते. ग्रामपंचायत मागणीची नोटीस काढते. नोटीस हातात मिळाल्यापासून ३० दिवसांची मुदत असते. माणूस घरी नसला तर नोटीस घरच्या मोठ्या माणसाला देतात किंवा दारावर चिकटवतात. "मी घेतलीच नाही" असे म्हणून ती टळत नाही. बाईने आमच्याकडे आणलेला कागद तो हाच. तिचे तीस दिवस आमच्या ओसरीवरून सुरू झाले, आणि ते तिलाही कळले नाही, आम्हालाही नाही.

तिसरी पायरी जप्तीची. ३० दिवस उलटले की ग्रामपंचायतीला घरातला जंगम माल, म्हणजे हलवता येणारा माल, जप्त करून विकता येतो. हा अधिकार १९५८ सालच्या ग्रामपंचायतीच्या कायद्याने दिलेला आहे. पण बाईच्या घरात होते काय? स्वयंपाकाची भांडी, अंगावरचे कपडे, शेतीची अवजारे. अशा वस्तू जप्तीतून वगळलेल्या असतात. जप्तीला आलेली माणसे हात हलवत परत गेली. आळीतली मंडळी म्हणाली, "बघा, काही होत नाही!"

होत होते. फक्त दिसत नव्हते.

चौथी पायरी अशी. गावात वसुली झाली नाही की ग्रामपंचायत थकबाकीदारांची यादी वर पाठवू शकते. मग ती घरपट्टी जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करतात. म्हणजे प्रकरण तहसील कचेरीत जाते. तिथे १९६६ सालचा जमीन महसुलाचा कायदा लागू होतो. त्या कायद्याने स्थावर मालमत्ता, म्हणजे घर आणि जागा, जप्त करून विकता येते. आमच्या गावच्या यादीत बावीस नावे होती. तहसीलची नोटीस येताच एकवीस जण धावत गेले. कुणी एकदम भरले, कुणी हप्ते मागितले. बाविसावे नाव त्या मेलेल्या म्हाताऱ्याचे होते. त्याच्या वतीने कोण धावणार?

पाचवी पायरी जाहीरनाम्याची. घर जप्त झाल्याचा कागद लागला. मग लिलावाचा जाहीरनामा चावडीवर आणि घराच्या दारावर चिकटवला, दवंडी पिटली. जाहीरनामा लागल्यापासून निदान ३० दिवस तरी लिलाव करता येत नाही. म्हणजे पुन्हा एक महिना मिळाला. बाईने मुंबईला फोन केला. थोरला म्हणाला, "सुटीत आलो की बघतो." लिलाव सुटीची वाट पाहात नाही.

सहावी पायरी लिलाव. लक्षात ठेवा, शेवटची बोली पक्की होण्याच्या आधी थकबाकी आणि खर्च भरला तर लिलाव थांबवावा लागतो. पण बाईजवळ पैसे नव्हते. ती दारात उभी राहून बघत होती. तालुक्याच्या एका माणसाने २,४०,००० रुपयांची बोली केली. स्थावराच्या लिलावात बोलीचा चौथा हिस्सा जागच्या जागी भरावा लागतो. त्याने ६०,००० रुपये मोजले. घराची किंमत त्याहून पुष्कळ जास्त होती. लिलावात मालाला पुरा भाव क्वचितच येतो. थकबाकी आणि खर्च वळते करून उरलेली रक्कम मालकाला परत मिळते, हे खरे. पण त्या पैशात दुसरे पाच खणांचे घर मिळत नाही.

त्या संध्याकाळी बाई आमच्या ओसरीवर आली. रडली नाही, ओरडली नाही. एवढेच म्हणाली, "गुरुजी, तुम्ही तर वाचला होता ना कागद?"

आम्हाला उत्तर देता आले नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने आम्ही तिला घेऊन तालुक्याला गेलो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. बायका, मुले, अनुसूचित जाती-जमातींची माणसे आणि गरीब माणसे यांना तिथे फुकट वकील मिळतो. तिथल्या वकिलांनी कायद्याचे पुस्तक उघडून सातवी पायरी दाखवली. ती पायरी आम्हाला ठाऊकच नव्हती.

घर विकले गेल्यावरही ३० दिवसांची मुदत असते. ज्याची मालकी किंवा हिस्सा त्या घरात आहे, त्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा आणि तीन रकमा भरायच्या. एक, जाहीरनाम्यात लिहिलेली थकबाकी. दोन, लिलावाचा खर्च. तीन, बोलीच्या रकमेवर शेकडा पाच. ही तिसरी रक्कम घेणाऱ्याला मिळते, आणि त्याने भरलेले पैसेही त्याला परत मिळतात. मग विक्री रद्द होते.

लिलावात लबाडी झाली असेल, जाहीरनामाच लागला नसेल, अशी मोठी चूक असेल तर त्याबद्दलही ३० दिवसांतच अर्ज करावा लागतो. बाईच्या बाबतीत तशी चूक नव्हती. म्हणून पैसेच भरायचे होते.

आता हे गणित वहीत उतरून घ्या.

घरपट्टी आणि पाणीपट्टी मिळून वर्षाला १,९०० रुपये. नऊ वर्षांचे १७,१०० रुपये. दंड आणि नोटिशीची फी धरून १८,००० रुपये. लिलावाचा खर्च १,००० रुपये. २,४०,००० रुपयांवर शेकडा पाचप्रमाणे १२,००० रुपये. एकूण ३१,००० रुपये.

महिन्याला १६० रुपयेसुद्धा पडत नव्हते. तिथे एकदम ३१,००० उभे करायची पाळी आली. १३,९०० रुपये नुसत्या गप्प बसण्यापायी गेले.

थोरला आला, धाकटा आला. आधी दोघे भांडले, मग दोघांनी खिशात हात घातला. बाईने दोन शेळ्या विकल्या. कमी पडले ते आम्ही घातले. हे उपकार म्हणून सांगत नाही. ते आमचे देणेच होते. सव्विसाव्या दिवशी पैसे भरले. आणखी चार दिवस गेले असते तर घर हातचे गेले होते.

मंडळी, आता कामाच्या चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट. घर कुणाच्या नावावर आहे ते पाहा. ग्रामपंचायतीतून नमुना आठचा उतारा घ्या. मेलेल्या माणसाचे नाव असेल तर मृत्यूचा दाखला जोडून वारसांची नावे लावण्याचा अर्ज द्या. भावाभावांत कर कुणी भरायचा ते ठरवा आणि लिहून ठेवा. मात्र नमुना आठ हा कराची नोंद आहे. तेवढ्याने मालकी सिद्ध होत नाही. मालकीचे जुने कागद निराळे जपून ठेवा.

दुसरी गोष्ट. पैसे दिले की पावती घ्या. शिपायाच्या हातात दिले तरी घ्या, मोबाईलवरून भरले तरी घ्या. पावतीवरचे नाव, वर्ष आणि रक्कम तिथल्या तिथे वाचा. "नंतर देतो" म्हणाला, तर पैसेही नंतरच द्या.

तिसरी गोष्ट. कर जास्त लावला असे वाटले तर भरायचे टाळून भांडण होत नाही. दर चार वर्षांनी कराची आकारणी नव्याने होते. तेव्हा यादी लावतात आणि हरकती मागवतात. त्या वेळी लेखी हरकत द्या. तिथे दाद लागली नाही तर पंचायत समितीकडे अपील करता येते. पण प्रत्येकाला मुदत असते. मुदत गेल्यावर खरा माणूसही खोटा ठरतो.

चौथी गोष्ट. पैसे नसतील तर लपून बसू नका. ग्रामसेवकाला भेटा. त्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. हप्ते मागा, आणि अर्जाची पोच घ्या. लोकअदालतीची नोटीस आली तर जरूर जा. तिथे तडजोड होते. यादीतल्या त्या एकवीस जणांमध्येही गरीब होतेच. पण ते बोलायला गेले.

तुमची मुले शहरात घर घेतात. त्यांनाही हे सांगा. शहरात महानगरपालिका स्वतःच घरावर जप्ती आणून लिलाव करू शकते. तिथे थकबाकीवर महिन्याला शेकडा दोन असा दंड चढतो. म्हणजे वर्षाला शेकडा चोवीस. सावकाराच्या व्याजाची आठवण व्हावी असा तो आकडा आहे.

गावच्या पुढाऱ्यांनाही ह्यातून सूट नाही. बिल हातात पडल्यापासून तीन महिन्यांत कर भरला नाही तर ग्रामपंचायतीच्या सदस्याचे पद जाऊ शकते. मग तो सरपंच का असेना.

ती बाई आज ह्याच वर्गात बसली आहे. नाव सांगत नाही. तिने पाटी घेतली तेव्हा आम्ही तिला 'कमळ', 'घर' असे शब्द शिकवू लागलो. ती म्हणाली, "गुरुजी, मला आधी तारीख वाचायला शिकवा." आता कोणताही कागद आला की ती आधी खालची ओळ वाचते. मग वरचे नाव. आम्हीसुद्धा तसेच वाचू लागलो आहोत.

आज एवढेच. उद्या येताना प्रत्येकाने घरचा घरपट्टीचा कागद घेऊन यावा. तंबाखू बांधली असेल तर ती दुसऱ्या कागदात बांधा. नाव, वर्ष, रक्कम आणि मुदत, ह्या चार गोष्टी ज्याने त्याने आपल्या कागदावरून मोठ्याने वाचायच्या. अडले तर आम्ही आहोतच. ह्या खेपेला शेवटच्या ओळीपर्यंत वाचू.