शाळेच्या अंगणातील पालापाचोळा



काही वर्षांपूर्वी तपासणीच्या निमित्ताने मी एका शाळेत गेलो होतो. सातवीच्या फळ्यावर जलचक्र आणि कर्बचक्र यांच्या सुबक आकृत्या होत्या. मुलांनी उत्तरेही चोख दिली. इतक्यात खिडकीतून धूर आत आला. मुलांनीच सकाळी झाडून गोळा केलेला कडुनिंबाचा पाला अंगणात जळत होता. मी विचारले, “हा पाला जळून कोठे जातो?” एक मुलगी म्हणाली, “गुरुजी, त्याची राख होते.”

उत्तर खोटे नव्हते; परंतु पाटीभर पाल्याची राख मूठभरच होते. बाकीचा भाग कोठे गेला, हे तिला कोणी दाखविलेच नव्हते. तिला दोष कसा द्यावा? शिक्षक असताना मीही वर्षानुवर्षे असाच पाला जाळविला होता.

ही दोन चक्रे आपण दोन निरनिराळे धडे म्हणून शिकवितो. वस्तुतः झाडाच्या पानात ती एकत्र येतात. मुळांनी शोषलेले बहुतेक पाणी पान वाफेच्या रूपाने हवेस परत देते, आणि ज्या सूक्ष्म छिद्रांतून ही वाफ बाहेर पडते त्यांतूनच कार्बन डायऑक्साइड वायू आत येतो. सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने या दोहोंपासून पान अन्न तयार करते.

सतराव्या शतकात ब्रुसेल्सच्या व्हॅन हेल्माँट यांनी २०० पौंड कोरड्या मातीत ५ पौंडांचे विलोचे रोप लावून पाच वर्षे त्यास केवळ पाणी घातले. झाड सुमारे १६९ पौंडांचे झाले. माती मात्र अवघी २ औंस घटली. झाड केवळ पाण्याचेच बनते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. हवेचा वाटा त्यांच्या ध्यानी आला नाही. वाळलेल्या पानाच्या वजनात सुमारे ४५ टक्के कर्ब असतो, आणि तो हवेतूनच आलेला असतो.

पाला जाळला की हा कर्ब बहुतांशी एका घटकेत हवेत परततो. तो कुजविला तरी बराचसा परततोच. पण सावकाश, आणि काही अंश ह्युमसच्या रूपाने मातीत राहतो. ही माती पावसाचे पाणी धरून ठेवते. म्हणजे कर्ब जेथे विसावतो, तेथे पाणीही विसावते.

मुलांना उगाच भय मात्र घालू नये. हवेच्या दहा लक्ष भागांत पूर्वी सुमारे २८० भाग असलेला हा वायू आज ४२० भागांहून अधिक झाला आहे, तो मुख्यत्वे दगडी कोळसा व खनिज तेल जाळल्यामुळे आणि जंगलतोडीमुळे. पाला जाळण्याने आपले खरे नुकसान होते ते मातीचे.

तेव्हा एवढे करावे. तळाशी भोके पाडलेले दोन सारखे डबे घ्यावेत. एकात अंगणातील कोरडी माती, दुसऱ्यात तीच माती व कुजलेले पालाखत समभाग भरावे. दोहोंत एकेक पेला पाणी ओतून खाली गळलेले पाणी मुलांकडून मोजवावे. नंतर अंगणात खड्डा खणून पाला, शेणकाला आणि माती यांचे थर द्यावेत व ओल राखावी. काही महिन्यांनी तयार होणारे खत शाळेच्या झाडांना घालावे.

पुढील भेटीत मला फळ्यावरील आकृतीबरोबर हा खड्डाही पाहावयास मिळावा, एवढीच विनंती.