ढगाआडचा डोंगर

विमान पडल्याची बातमी वाचली की आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काय बिघडलं होतं?" मी भूगोल शिकवतो, वर्गातली मुलेही हेच विचारतात. पण काही विमानांचे काहीच बिघडलेले नसते. इंजिने चालू असतात, विमान वैमानिकाच्या हुकमतीत असते, आणि तसे धडधाकटच ते डोंगरावर जाऊन आदळते.

२९ मे २०२२, रविवार. नेपाळातील पोखरा येथून सकाळी दहाच्या सुमारास तारा एअरचे छोटे विमान जोमसोमला निघाले. ट्विन ऑटर जातीचे, १९७९ साली बांधलेले. आत कर्मचारी धरून २२ माणसे. त्यांत एका भारतीय कुटुंबातले चौघे. जोमसोम हे मुक्तिनाथाच्या वाटेवरचे गाव, तेव्हा तुमच्यापैकी कुणी हा प्रवास केलाही असेल. उणापुरा अर्ध्या तासाचाही नाही. पण एका अंगाला धवलगिरी, दुसऱ्या अंगाला अन्नपूर्णा, दोन्ही ८,००० मीटरांच्या वर, आणि मधून काली गंडकीचे खोरे. हे विमान शिखरांवरून जात नाही. खोऱ्यातून वाट काढते. डोंगर म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे जिंतूरची नेमगिरी येते. तिच्यावरून या खोऱ्याची कल्पना यायची नाही.

अशा वाटेवर वैमानिकाने डोळ्यांनी पाहत जायचे, ढगात शिरायचे नाही, असा दंडक आहे. पण ढग काही वर्दी देऊन येत नाहीत. दमट हवा उतारावरून वर चढते, निवते, आणि मघाशी मोकळी असलेली खिंड बघता बघता भरून जाते. आपल्या सपाट मुलखात ढगात शिरलेल्या विमानाला पुढे ढगच भेटतो. तिथे ढगापलीकडे खडक असतो.

दुसऱ्या दिवशी अवशेष सापडले, सुमारे १४,५०० फुटांवर, कड्याच्या अंगाला. वाचले कुणीच नाही. चौकशीत निघाले ते असे: विमान ढगात सापडले, नेमका मार्ग राखला गेला नाही, आणि जमीन जवळ आल्याचा इशारा देणारे यंत्र दाबून ठेवलेले होते.

हे ऐकून राग येतो. मलाही आला. पण थोडे थांबा. अरुंद खोऱ्यातून जाताना दोन्हीकडचे कडे जवळच असतात; यंत्र बिचारे सारखे ओरडत राहते. डोळ्यांना समोरचे लख्ख दिसत असताना तो कलकलाट कोण ऐकून घेईल? म्हणून ते गप्प करतात. आणि मग ढग येतो. डोळे निकामी होतात, त्या घटकेला कान आधीच मिटलेले असतात.

असे मोठ्या विमानांचेही होते. ७ जुलै १९६२ च्या मध्यरात्री मुंबईकडे येणारे इटालियन कंपनीचे जेट विमान जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळले. ९४ माणसे गेली. मुंबई अजून दूर असताना ती जवळ आली अशा समजुतीने ते खाली उतरू लागले होते. वाटेत सह्याद्री होता.

मग परत फिरावे, हा उपाय कुणालाही सुचेल. पण परत फिरणे म्हणजे पाठीमागे बसलेल्यांची नाराजी. तिचे वजन किती असते, ते मला ठाऊक आहे. एकदा पौष महिन्यात जिंतूरहून सकाळच्या एस.टी.ने परभणीला येत होतो. बोरीच्या अलीकडे धुके इतके दाटले की बॉनेटपुढचे दिसेना. ड्रायव्हरने गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केले. दहा मिनिटांत आरडाओरडा सुरू झाला. "अहो, रोजचाच रस्ता आहे, चला हळूहळू!" असे म्हणणाऱ्यांत मी होतो, पहिला तास माझा होता. त्या गृहस्थाने मागे वळूनसुद्धा पाहिले नाही. तंबाखू मळत बसला. पाऊण तासाने ऊन वर आले तेव्हा दिसले, थोड्याच अंतरावर उसाची एक ट्रॉली रस्त्यात आडवी उलटून पडली होती.

तास बुडाला. गाडीतून उतरताना त्या ड्रायव्हरशी मी एक शब्द बोललो नाही, हे मला अजून आठवते.