सेनापती बापटांच्या विचारांची मुळे

थेरगावच्या केजुदेवी बंधाऱ्याजवळून पवना ओलांडली की चिंचवड, चापेकर बंधूंचे गाव. प्लेगच्या दिवसांतल्या जुलमाचा सूड म्हणून २२ जून १८९७ ला पुण्यातला प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. भाऊ फासावर गेले, पण त्यांनी पेटवलेले विझले नाही. त्यांच्या मंडळातल्या दामोदर बळवंत भिडे यांच्यामुळे डेक्कन कॉलेजात शिकणारा पारनेरचा एक मुलगा क्रांतीच्या वाटेला लागला. त्याचे नाव पांडुरंग महादेव बापट.

१९०४ मध्ये मंगळदास नथुभाई शिष्यवृत्ती मिळवून तो यंत्रविद्या शिकायला एडिंबरोला गेला. दादाभाई नौरोजींचे लिखाण वाचून देशाच्या दारिद्र्याचा हिशेब त्याला कळला. इंग्रजी राज्याविरुद्ध भाषण केले आणि शिष्यवृत्ती गेली. पुढे पॅरिसमध्ये बॉम्बची विद्या, मग भूमिगत वर्षे. हा भाग सगळेच रंगवून सांगतात.

मला जास्त मोलाचे वाटते ते पारनेर. बापट तिथे परतले आणि त्यांनी हाती झाडू घेतला. गावाचे रस्ते झाडायचे, संडास साफ करायचे. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या माथी हे काम मारले, त्यांच्या बरोबरीला उभे राहायचे. मुलाच्या बारशाला पहिली पंगत बसवली तीही अस्पृश्य मानलेल्यांची, आणि तेही १९१४ साली! स्वराज्य कुणासाठी, याचे उत्तर त्यांना इथे सापडले, असे मी मानतो.

म्हणून तर १९२१ मध्ये ते मुळशीला धावले. मुंबईला वीज हवी होती, त्यासाठी टाटा कंपनीचे धरण होणार होते आणि मावळ्यांची भातखाचरे पाण्याखाली जाणार होती. रामनवमीला, १६ एप्रिलला, सत्याग्रह सुरू झाला. घोषणा होती ‘जान किंवा जमीन’. भांडवल देशी आहे म्हणून बापट गप्प बसले नाहीत. १९२४ मध्ये त्यांनी रेल्वेगाडी अडवली आणि सात वर्षांची शिक्षा पत्करली. ‘सेनापती’ हे नाव लोकांनी त्यांना दिले ते याच लढ्यात.

धरण झालेच. मुळा नदी त्या जलाशयाकडून वाकडवरून आपल्या थेरगाव-चिंचवडच्या भागाकडे येते. पुढे या भागात एमआयडीसीची औद्योगिक वसाहत आली, कारखाने उभे राहिले, हजारो घरांत चूल पेटली, तेही खरे. पण या पट्ट्यात त्यासाठी ज्यांची शेते गेली, त्या घरांतल्या जुन्या माणसांना मुळशीचा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही.