हनुवटीवरचा ठिपका: साठीनंतर फोटो एडिटिंग शिकताना

आवाज नीट येतोय ना? मागे पंख्याची खरखर आहे, पण तो बंद केला तर या उकाड्यात मला बोलता येणार नाही, तेव्हा तेवढं सांभाळून घ्या.

मी कोलकात्याहून बोलतेय, सॉल्ट लेकमधून. मुलगा इथं सेक्टर फाइव्हला नोकरीला आहे. मी सांगोल्याला शाळेत शिकवत होते, निवृत्त झाले आणि त्याच्याकडे आले. आज मी सांगणार आहे ते फोटो दुरुस्त करण्याच्या सॉफ्टवेअरबद्दल. मी यातली तज्ज्ञ नाही. दोन वर्षांपूर्वी मला माउसचं उजवं बटण कशासाठी असतं तेही माहीत नव्हतं. म्हणूनच बोलतेय. तज्ज्ञ लोकांना आपण सुरुवातीला कुठे धडपडलो ते आठवत नाही, मला ते अजून ठणकतंय.

आमच्या आईचा एकच फोटो आहे. १९६६ च्या कार्तिकीला पंढरपुरात काढलेला. मागे रंगवलेला पडदा, त्यावर देऊळ आणि चंद्रभागा, पुढे लाकडी खुर्चीत आई, मांडीवर मी, शेजारी अक्का. त्यानंतर दोन वर्षांत आई गेली. मी तेव्हा सात वर्षांची होते. खरं सांगायचं तर आईचा चेहरा मला आठवतो तो या फोटोमुळेच, त्यातलं आठवण किती आणि फोटो किती हे मला वेगळं करता येत नाही.

तो फोटो फ्रेमसकट मी इकडे आणला आणि बाहेरच्या भिंतीवर लावला. चूक नंबर एक. सॉल्ट लेक हे गाव मुळात खाऱ्या पाणथळीवर उभं आहे. १९६० च्या दशकात हुगळीतला गाळ पाण्याबरोबर पाइपातून आणून इथं भराव घातला, मग त्यावर हे आखीवरेखीव ब्लॉक वसले. पावसाळ्यात इथल्या भिंती घाम फुटल्यासारख्या ओल्या होतात. आमचा सांगोला म्हणजे कोरडा ठणठणीत मुलूख, तिथं पन्नास वर्षं टिकलेला फोटो इथं दोन पावसाळ्यांत काचेला चिकटला. वर बुरशीची पांढरी टिंबं.

शेजारी एक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी राहतो. मला काकीमा म्हणतो. त्यानं सांगितलं, फोटो काचेवरून ओढू नका, काचेसकट स्कॅन करू. केला. ६०० डीपीआयला, म्हणजे एका इंचात ६०० ठिपके. फोटो पोस्टकार्ड साइझचा, साडेतीन बाय साडेपाच इंच. गणिताची बाई आहे, लगेच हिशेब केला: २१०० गुणिले ३३००, म्हणजे जवळजवळ ६९ लाख ठिपके. आईच्या फोटोत ६९ लाख ठिपके! त्याच रात्री मी तो स्कॅन अक्काला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग त्यानं माझ्या लॅपटॉपवर गिंप टाकून दिलं. फोटोशॉपला दर महिन्याला पैसे भरावे लागतात, गिंप फुकट आहे. १९९५ च्या सुमारास अमेरिकेत बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी ते सुरू केलं. शिकायला जरा आडमुठं आहे, पण आपल्यासारख्यांच्या कामाला पुरून उरतं. एकच सांगते: फोटोशॉपचे व्हिडिओ बघून गिंप चालवायला जाऊ नका. मी गेले. व्हिडिओतला माणूस म्हणतो अल्ट दाबून क्लिक करा. मी दाबतेय, आणि गिंप म्हणतंय आधी उगम निवडा. दोन दिवस गेले. गिंपमध्ये तिथं कंट्रोल दाबायचं असतं!

आता हे ठिपक्यांचं प्रकरण काय आहे ते थोडं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आणि त्याची गोष्ट इथलीच आहे, कोलकात्याची. उपेंद्रकिशोर रायचौधुरी, म्हणजे सत्यजित राय यांचे आजोबा. त्यांनी मुलांसाठी रामायण लिहिलं, चित्रंही काढली. तेव्हा चित्र छापायचं तर कारागीर ते लाकडी ठशावर कोरत. छापून आल्यावर त्यांची चित्रं पार बिघडलेली निघाली. दुसरा कुणी असता तर छापखान्याला चार शिव्या देऊन गप्प बसला असता. यांनी इंग्लंडहून पुस्तकं, कॅमेरा, रसायनं मागवली आणि हाफटोनचं तंत्र स्वतः शिकले. शिकवायला इथं कुणी नव्हतंच. १८९५ मध्ये स्वतःचा धंदा उभा केला आणि पुढे त्या विषयावरचे त्यांचे लेख लंडनच्या पेनरोज अ‍ॅन्युअलमध्ये छापून आले. त्याच काळात आपले दादासाहेब फाळके बडोद्याच्या कलाभवनात फोटोग्राफी आणि छपाईची तंत्रं गिरवत होते. सिनेमाच्या आधी फाळके हे ब्लॉक करणारे, छपाईवाले होते, हे आपण विसरतो.

हाफटोन म्हणजे काय? छापखान्यात शाई एकच, काळी. करडा रंग नाहीच. मग करडा दाखवायचा कसा? बारीक-मोठे काळे ठिपके टाकायचे. लांबून बघितलं की डोळा फसतो. घरात वर्तमानपत्र असेल तर भिंगाखाली बघा, माणसाचं नाक म्हणजे नुसती मोहरी सांडलेली दिसेल. आणि गंमत बघा, जवळजवळ शंभर वर्षांनी, १९८७ मध्ये, अमेरिकेत थॉमस नोल नावाच्या विद्यार्थ्याला हीच अडचण आली. त्याच्या संगणकाचा पडदा फक्त काळा-पांढरा, त्याला त्यावर करड्या छटा दाखवायच्या होत्या. त्यासाठी त्यानं एक लहानसा प्रोग्राम लिहिला. भाऊ जॉन त्यात आला आणि १९९० च्या फेब्रुवारीत तोच प्रोग्राम फोटोशॉप म्हणून बाजारात आला.

सांगायचा मुद्दा, सॉफ्टवेअरला आई दिसत नाही, ठिपके दिसतात. काळा-पांढरा फोटो असला तर प्रत्येक ठिपका म्हणजे ० ते २५५ मधला एक आकडा. ० काळा, २५५ पांढरा. जुना फोटो फिका पडतो म्हणजे सगळे आकडे मधेच गर्दी करून बसतात. लेव्हल्स नावाची सोय असते, तिच्यात डावं टोक काळ्याकडे आणि उजवं पांढऱ्याकडे ओढलं की फोटोत जीव येतो. मी ते पहिल्यांदा केलं तेव्हा आईच्या लुगड्याचे काठ दिसले. साठ वर्षांत कधी न दिसलेले काठ! मी उठून चहा करून आले, इतकं भरून आलं.

आणि तिथंच मी घसरले. डाग घालवायला हील नावाचं हत्यार आहे. शेजारची चांगली जागा दाखवायची आणि डागावर फिरवायचं, डाग भरून निघतो. हाताला चटक लागते हो त्याची. बुरशीचं टिंब दिसलं की पूस, ओरखडा दिसला की पूस. पोरानं बजावलं होतं, "आगे कपि कोरे निन, काकीमा." मी आपलं हिंदीतलं 'आगे' समजले, की पुढे कधीतरी कॉपी करून घ्या. बंगालीत 'आगे' म्हणजे आधी! आधी कॉपी करून घ्या, असं तो सांगत होता. मी मूळ स्कॅनवरच काम केलं आणि फाइल मेनूत ओव्हरराइट दिसलं ते दाबलं. वाटलं, वर लिहितात, म्हणजे जपून ठेवतात.

फोटो अक्काला पाठवला. मला शाबासकी हवी होती. पाच मिनिटांत फोन. म्हणाली, "अगं, आईच्या हनुवटीचं गोंदण कुठं गेलं?"

मी बघितलं. हनुवटी स्वच्छ. माझ्या हातानं मी तो ठिपका बुरशी समजून पुसला होता. मला आठवतच नव्हतं की आईला तिथं गोंदण होतं. अक्का मोठी, तिला आठवत होतं.

पुढचं सांगायला लाज वाटते. स्कॅन गेला म्हणून मी परत स्कॅन करायचं ठरवलं, आणि या वेळी काचेशिवाय नीट करू म्हणून कोमट पाण्याचा बोळा लावून फोटो सोडवायला गेले. जुन्या फोटोची प्रतिमा जिलेटिनच्या थरात असते, ते पाण्यानं फुगतं आणि लगद्यासारखं होतं. वरचा अर्धा चेहरा सुटला. हनुवटी आणि गळा काचेवर राहिला आणि बोळ्याखाली पुसला गेला. तुमचा फोटो काचेला चिकटला असेल तर हात जोडून सांगते, काढू नका. काचेसकट स्कॅन करा, मूळ तसाच राहू द्या.

मध्ये मी फोनवरचं ते एका बोटात फोटो नवा करून देणारं अ‍ॅपही वापरून पाहिलं. फोटो चकचकीत आला. गोरीपान, रेखीव भुवयांची बाई. आमची आई नव्हती ती. कुठल्या कुठल्या हजारो चेहऱ्यांची सरासरी असावी. आजोबा-पणजोबांचे असे 'नवे' केलेले फोटो लोक ग्रुपवर टाकतात, मला ते बघवत नाहीत. असो.

सुटका केली अक्कानं. ती फोनमधून काही म्हणजे काही काढून टाकत नाही, चार वर्षांपूर्वीचे शुभ सकाळ सुद्धा आहेत. मी स्कॅन केल्या रात्री पाठवलेला फोटो तिच्याकडे होता. व्हॉट्सअ‍ॅपनं बारीक केलेला, पण गोंदणासकट.

आता शिकले ते लेयर. लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद. खाली माझा पुसलेला फोटो. त्यावर अक्काकडचा, तेवढाच मोठा करून, डोळे डोळ्यांवर बसवून. मग वरच्या लेयरला मास्क लावायचा, काळा, म्हणजे तो पूर्ण झाकला जातो. आणि पांढऱ्या ब्रशनं फक्त हनुवटीवर रंगवायचं. जिथं पांढरं तिथं वरचा कागद दिसतो. चुकलं तर काळ्यानं परत झाकायचं. खालचा मूळ कागद शाबूत. हे मला पहिल्या दिवशी कुणी डोक्यात भरलं असतं तर! ब्रश फिरवला आणि ठिपका हळूहळू वर आला.

हनुवटी थोडी धूसर दिसते, बाकी चेहरा रेखीव. पोरगा म्हणाला, काकीमा, कडा जुळवून देतो, कळणार नाही. मी नको म्हटलं. बुरशी काढली, पण पडद्यावरचा आडवा ओरखडाही ठेवला. अक्का म्हणते तो तिनंच लहानपणी पिनेनं काढला होता.

आता माझ्याकडे तीन ठिकाणी तीन प्रती आहेत: न हात लावलेली मूळ, लेयरसकट गिंपची एक्ससीएफ, आणि पाठवायची जेपीजी. पाच बाय सातची प्रिंट काढून घेतली. काच आणि फोटो यांच्यामध्ये जाड पुठ्ठ्याची चौकट घालून घेतली, म्हणजे परत चिकटायला नको, आणि आतल्या भिंतीवर लावली. एक प्रिंट कुरिअरनं अक्काला गेली. पोचल्यावर तिनं फोन केला, आणि पहिलं वाक्य, "आईच्या लुगड्याला काठ होते होय गं?"

बरं मंडळी, पंखा आता जास्तच खरखरायला लागलाय. थांबते. नमस्कार.