पिस्ते, पीतबिंदू आणि उतारवय



बदामाने दृष्टी तेज राहते, हे आपण घरोघरी ऐकत आलो. नेत्रवैद्य या नात्याने मी आज पिस्त्याविषयी बोलणार आहे. त्याच्या हिरवट-पिवळ्या रंगात ल्युटीन असते. हेच द्रव्य आपल्या दृष्टिपटलाच्या मध्यभागी, पीतबिंदूत साठते आणि निळा प्रकाश शोषून घेते. शरीर ते स्वतः निर्माण करीत नाही. उतारवयात पीतबिंदूचा ऱ्हास झाला, की समोरचा चेहराही ओळखू येईनासा होतो.

अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठाने २०२५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ४० ते ७० वर्षे वयाच्या निरोगी व्यक्तींनी बारा आठवडे रोज ५७ ग्रॅम पिस्ते खाल्ले आणि त्यांच्या पीतबिंदूतील रंगद्रव्य वाढले. (पैसा पिस्ते-उत्पादकांचा होता, हेही सांगितले पाहिजे.) त्याने दृष्टी वाचते, असे मात्र अद्याप सिद्ध झालेले नाही.

मोतीबिंदू तर कोणत्याही सुक्या मेव्याने विरघळत नाही. बदामांवर विसंबून शस्त्रक्रिया लांबणीवर टाकणारे वडीलधारे पाहिले, की मन विषण्ण होते. काचबिंदूत तर गेलेली दृष्टी परत येतच नाही. म्हणून चाळिशीनंतर नेत्रतपासणी हवीच. पिस्ते परवडत नसतील, त्यांनी पालक तेलाच्या फोडणीत परतून खावा. ल्युटीन त्यात अधिकच आहे, आणि ते अंगी लागायला स्निग्धांश लागतो.