चमचाभर विरजण

वेळ थोडा आहे आणि मला एकाच गोष्टीवर बोलायचं आहे, म्हणून लगेच सुरुवात करते.

गेली चौदा वर्षं मी पुण्यातल्या एका रात्र निवाऱ्यात काम करते. बेघर कोण असतात आणि रस्त्यावर का येतात, हे तुम्हाला सांगायला नको. स्टेशनबाहेर, पुलाखाली, मंडईच्या ओट्यांवर तुम्ही त्यांना रोज पाहता. २०११च्या जनगणनेत आपल्या राज्यात असे दोन लाखांहून अधिक लोक मोजले गेले. मला बोलायचं आहे ते त्यांच्यातल्या एखाद्याला खोली मिळते, त्या दिवसापासूनच्या पुढच्या सहा महिन्यांबद्दल.

आमच्याकडे एक काका होते. हमाली करायचे. पाठ गेली, काम गेलं, घरच्यांशी बोलणं तुटलं आणि दहा-बारा वर्षं फुटपाथवर निघाली. मग निवाऱ्यात आले, वर्षभर टिकले, दारू सुटली, रखवालदाराची नोकरी लागली. आम्ही त्यांना शहराच्या टोकाला भाड्याची खोली बघून दिली. स्टोव्ह, पातेली, चटई, बादली, सगळं दिलं आणि आमच्या वहीत त्यांच्या नावापुढे बरोबरची खूण केली. अठराव्या दिवशी काका पुन्हा स्टेशनसमोरच्या त्याच कठड्याला टेकून बसलेले! भाडं भरलेलं होतं, किल्ली खिशात होती. मी रागावलेच त्यांच्यावर. तर म्हणाले, "ताई, तिथं मी मेलो असतो तर वास सुटेपर्यंत कुणाला कळलं नसतं. इथं सकाळी चहावाला हाक तरी मारतो."

त्या दिवशी मी रागवायला नको होतं. चुकलो होतो आम्ही.

आपल्या स्वयंपाकघरातलीच गोष्ट घ्या. दूध कितीही सकस असो, भांडं कितीही लख्ख घासलेलं असो, दुधाचं दही आपोआप होत नाही. विरजण लागतं. 'उत्साहावर विरजण पडलं' असं आपण म्हणतो, ते सोडून द्या. मी म्हणते आहे ते खरंखुरं, चमचाभर विरजण. घरातलं संपलं की ते शेजारून आणायचं. माझी आई मला वाटी देऊन पलीकडच्या काकूंकडे पाठवायची, आणि त्यांच्याकडचं संपलं की त्यांची मुलगी आमच्याकडे यायची. आम्ही काकांना भांडं दिलं, दूधही दिलं. विरजण लावायला विसरलो.

छप्पर नको, असं मी म्हणत नाही, हे कृपा करून लक्षात घ्या. छप्पर हवंच, आधी हवं. शहरांमध्ये दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा असावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्ये बजावलं. पुढे २०१३पासून राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात निवाऱ्यांसाठी तरतूद झाली. माणशी निदान पन्नास चौरस फूट जागा हवी, असं त्यात लिहिलेलं आहे. हे सगळं लढून मिळालेलं आहे आणि अजून पुरेसं नाही. पण चौरस फूट मोजता येतात, आणि "काय हो, काल दिसला नाहीत?" हे विचारणारं माणूस कुठल्या निविदेत लिहायचं? २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने तर स्पष्ट सांगितलं आहे की, केवळ घर नाही किंवा घरच्यांनी टाकलं, म्हणून कुणाला मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही, त्याला समाजात राहण्याचा हक्क आहे. ठीक. समाजात म्हणजे कुठे? तुमच्या-माझ्या शेजारीच ना?

ज्यांनी हे काम मुळापासून केलं, त्यांना हे कधीच उमगलं होतं. कर्जतला डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी यांची श्रद्धा ही संस्था रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांवर उपचार करते. या कामासाठी डॉ. भरत यांना २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तिथले कार्यकर्ते बऱ्या झालेल्या माणसाच्या हातात नुसतं तिकीट ठेवत नाहीत, त्याच्याबरोबर गावाला जातात. घरच्यांसमोर बसून आजार काय, गोळ्या का थांबवायच्या नाहीत, ते समजावतात. आपल्या पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र घ्या, डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेलं. व्यसन सुटल्यावरही तिथे पाठपुरावा चालू राहतो, व्यसनी माणसांच्या बायकांचाही गट भरतो. दोन्हीकडे बरं झाल्यानंतरचा काळ उपचाराइतकाच जपतात. बेघरांच्या बाबतीत मात्र किल्ली हातात दिली की आपण हात झटकतो.

आता हे विचारपूस करणारं माणूस नेमकं करतं काय? बेघर माणूस खोली घ्यायला गेला की घरमालक डिपॉझिट मागतो, करारावर दोन साक्षीदार मागतो, मूळ गावचा पत्ता मागतो. ज्याची सगळी ओळख एका गाठोड्यात होती आणि ते गाठोडं रातोरात चोरीला गेलं, तो साक्षीदार आणणार कुठून? सही करणारे दोघं असले तर खोली मिळते, नसले तर पगार असूनही मिळत नाही. आमची कितीतरी माणसं केटरिंगला वाढपी म्हणून जातात. लग्नसराई संपली, पाऊस लागला की काम थांबतं, भाडं थांबत नाही. त्या दोन महिन्यांत कुणी किराणा उधार दिला, भिशीतला हप्ता आधी उचलू दिला, तर खोली टिकते. तुम्हा-आम्हालाही असे दिवस येतात. आपण भावाला फोन करतो. त्यांच्या फोनमध्ये तो नंबरच नसतो.

आणि विरजण चमचाभरच घालायचं असतं. वाटीभर ओतलं तर दही आंबट होतं. हे जरा कळकळीने सांगते, कारण दिवाळीत आमच्याकडे फराळ आणि चादरी घेऊन येणारी, फोटो काढून जाणारी मंडळी खूप असतात. चांगलीच माणसं असतात ती. पण एका रात्रीत शंभर लाडू देऊन दही लागत नाही हो! शिवाय, विरजण लावल्यावर भांडं सारखं हलवायचं नसतं. "सुधारलात का? पीत तर नाही ना?" असं रोज येऊन विचारणं म्हणजे झाकण काढून बघत बसणं. थंडीत आपण भांड्याला फडकं गुंडाळून ठेवतो आणि सकाळची वाट बघतो. तेवढीच ऊब हवी.

काकांचं पुढे काय झालं, ते सांगते. दुसऱ्या वेळी आम्ही खोली त्यांच्या ओळखीच्या भागात शोधली, मंडईजवळच्या एका जुन्या वाड्यात. तिथे पहाटे पाचला पाणी येतं. शेजारच्या आजींना हंडा उचलवत नाही. तिसऱ्याच दिवशी त्यांनी काकांचं दार वाजवलं, "अहो, जरा माझं पाणी भरून देता का?" इतकी वर्षं काकांना सगळ्यांनी काही ना काही दिलं होतं. मागितलं कुणीच नव्हतं. त्यांची पाठ दुखते, म्हणून हंड्याऐवजी लहान कळशीने चार खेपा करतात, पण पाणी भरतात. चार वर्षं झाली त्याला. आता निवाऱ्यातून कुणी नवा खोली घेणार असला, की साक्षीदार म्हणून सही करायला काका येतात. आजच्या दह्यातूनच उद्याचं विरजण...

वेळ संपत आल्याची खूण समोरून झाली आहे. बायकांबद्दल तर मी बोललेच नाही. एकट्या बाईला खोली द्यायला काय काय विचारलं जातं, त्याला आजच्याइतकाच वेळ वेगळा लागेल. पण मुद्दा पुन्हा एकदा सांगते, मधूनच रेडिओ लावलेल्यांसाठी: छप्पर मिळालेलं माणूस पहिल्या सहा महिन्यांत परत रस्त्यावर येऊ शकतं, आणि ते येऊ नये म्हणून शेजारी लागतात.

येत्या महिन्यात आमच्या निवाऱ्यातून पाच जण खोल्या शोधायला बाहेर पडणार आहेत. तुमच्या शहरातल्या निवाऱ्यांतूनही असेच कुणी ना कुणी निघतील. तुम्ही घरमालक असाल तर दार लावण्याआधी त्यांचं म्हणणं ऐकून घ्या. शेजारी असाल तर पहिल्या आठवड्यात त्यांना काही द्यायला जाऊ नका. वाटी घेऊन जा आणि म्हणा, आमच्याकडचं विरजण संपलंय, जरा देता का?