स्नायू आणि त्यांना येणारा निरोप

पावसाळा लागला म्हणजे चंद्रपूर आणि गडचिरोली या अरण्यमय जिल्ह्यांतील दवाखान्यांत पहाटेच्या सुमारास एक विलक्षण रोगी येतो. रात्री तो घरात जमिनीवर निजलेला असतो. पोटात कळ येऊन त्याला जाग येते. अंगावर जखम किंवा सूज बहुधा नसतेच. काही वेळाने पापण्या जड होतात, मग जीभ अडखळते, घोट गिळवत नाही, मान सावरत नाही आणि अखेर श्वास मंदावू लागतो. ही मण्यारीच्या दंशाची करणी होय. या सापाचे दात इतके बारीक की, चावा घेतल्याचे निजलेल्यास पुष्कळदा कळतही नाही. अशा माणसाचे नेमके काय बिघडते, हे उमगण्यास प्रथम स्नायूंची रचना पाहिली पाहिजे.

हाडांना जोडलेले स्नायू मनुष्याच्या देहात सहाशेंहून अधिक असून प्रौढ पुरुषाच्या वजनाचा सुमारे ४० टक्के भाग त्यांचाच असतो. स्नायू म्हणजे एक दोरखंडच. उकलला तर त्यात तंतूंच्या जुड्या, प्रत्येक तंतूत अतिसूक्ष्म धागे आणि त्या धाग्यांत ॲक्टिन व मायोसिन या दोन प्रथिनांच्या काड्या एकांत एक शिरलेल्या आढळतात. स्नायू आखडतो तेव्हा या काड्या स्वतः आखूड होत नाहीत. त्या एकमेकींवरून सरकतात. ही गोष्ट १९५४ साली अँड्र्यू हक्स्ले व ह्यू हक्स्ले यांनी, आपापल्या सहकाऱ्यांसह, पण परस्परांहून स्वतंत्रपणे मांडली. आडनाव एकच असले तरी दोघांचे नाते काही नव्हते!

तंतूंचेही मुख्य प्रकार दोन. तांबूस तंतू संथ, पण चिवट. प्राणवायूच्या बळावर ते तासन् तास राबतात. फिकट तंतू चपळ, पण लवकर थकणारे. कोंबडीच्या तंगडीचे मांस गडद व छातीचे फिके का, याचे उत्तर येथेच आहे: तंगडी दिवसभर चालते, छाती क्षणभर फडफडण्यापुरती. मनुष्याच्या स्नायूंत दोन्ही प्रकारांची सरमिसळ असते. उन्हाळ्यात तेंदूपाने तोडून त्यांचे ओझे कोसभर वाहून नेणाऱ्या स्त्रीच्या पोटऱ्यांत मुख्यतः तांबूस तंतू राबतात. वाटेत रानडुक्कर दिसून ती एकदम बाजूस उडी घेते, तेव्हा फिकट तंतू धावून येतात.

तथापि तंतू कोणताही असो, निरोपावाचून तो हलत नाही. मज्जातंतूचे टोक स्नायूला जेथे भिडते, तेथे ॲसिटिलकोलिन नावाचे द्रव्य स्रवते आणि तोच निरोप. मण्यारीचे विष नेमके याच टोकावर घाला घालते. प्रथम पापण्यांचे, शेवटी छाती व पोट यांमधील श्वासपटलाचे काम थांबते. स्नायू निरोगी असतात; त्यांना आज्ञाच मिळत नाही.

याच प्रदेशात नेमका उलटा प्रकारही घडत आला आहे. धान कापण्यापूर्वीच ओल्या बांधीत लाखोळी फेकून पेरतात. दुष्काळात महिनोन् महिने हेच मुख्य अन्न झाले, तर काहींचे पाय ताठरतात आणि ते गुडघे वाकवून, चवड्यांवर, काठीच्या आधाराने चालू लागतात. डाळीतील विषारी द्रव्य १९६४ साली ओळखले गेले. ते आज्ञा वाहणाऱ्या वरच्या मज्जातंतूंना इजा करते. मग खालच्या आज्ञांना आवर राहत नाही व स्नायू सदैव ताणलेले राहतात. हे अधूपण बहुधा जन्माचे असते.

मण्यारीच्या रोग्याची गोष्ट निराळी. तो पूर्ववत होऊ शकतो. लस रक्तातील विष मारते, म्हणून ती लवकर टोचली पाहिजे. परंतु निकामी झालेले टोक ती दुरुस्त करीत नाही. ते आपोआप पुन्हा वाढते व त्यास काही दिवस, क्वचित आठवडे लागतात. तेवढा काळ यंत्राने, आणि यंत्र मिळेपर्यंत हाताने दाबावयाच्या रबरी पिशवीने, श्वास चालू ठेवावा लागतो. ओढ्या-नाल्यांच्या मुलखात खरी अडचण हीच आहे. पर्लकोटेला पूर येऊन पुलावरून पाणी वाहू लागले की भामरागडचा रस्ता तुटतो, आणि रोग्याचा श्वास काही पूर ओसरण्याची वाट पाहत नाही. म्हणून दंशाचा नुसता संशय आला तरी पापण्या मिटण्याची वाट न पाहता निघावे. चिरे पाडणे, दोरी आवळणे, मंत्र घालणे यांत घटका दवडू नयेत. अवयव फळीला बांधून स्थिर ठेवावा.

आणखी एक गोष्ट आप्तांनी ध्यानात ठेवावी. डोळे मिटलेला, बाहुल्या न हलणारा, बोलावल्यास ओ न देणारा हा माणस पुष्कळदा सारे ऐकत असतो. त्याच्या उशाशी रडारड करणाऱ्यांचे शब्द त्याच्या कानांवर पडतात; केवळ पापणी उचलण्याचे बळ त्याच्यापाशी नसते. त्याला मृत समजून पिशवी दाबणारा हात थांबवू नये. खाटेवर, निदान नीट खोचलेल्या मच्छरदाणीत निजल्यास ही वेळ बहुधा येत नाही, आणि हिवतापाच्या त्या मुलखात मच्छरदाणी तशीही हवीच.